पऱ्याचे पाणी

डोंगरावरून उतरणाऱ्या लहानशा प्रवाहाला रत्नागिरीकडे पऱ्या म्हणतात. दक्षिणेस सिंधुदुर्गात गेले की तोच व्हाळ होतो, आणि घाट चढून देशावर गेले की ओढा. नकाशावर बहुधा त्याला नावही नसते. पण वाडीतली विहीर, पोफळीची बाग आणि गुरांचे पाणी त्याच्याच जिवावर चालते. कोकणात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. मग तेथल्याच अनेक वाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट का पाहावी लागते?

समजा, पऱ्या ४ किलोमीटर लांब आहे आणि त्याचा उगम ४०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे दर १० मीटरला १ मीटर उतार झाला. भर पावसात पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर धरला, तर माथ्यावरचे पाणी जेमतेम ३३ मिनिटांत पायथ्याशी येते आणि पुढे खाडीला मिळते. कोकणात पाऊस कमी नाही. पाण्याला थांबायला सवड नाही!

थोडे पाणी मात्र सच्छिद्र जांभ्यात मुरते. खाली चिकणमातीचा थर लागला की ते आडवे सरकते आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. हा प्रवास फार सावकाश होतो. दिवाळीनंतर पऱ्यात जे वाहते ते हे मुरलेले पाणी.

वेगाचा आणखी एक चमत्कार पाहा. कोरड्या पऱ्यात हत्तीएवढे धोंडे दिसतात. ते कोणी आणले? वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. या रेट्याचा आणि दगडाच्या वजनाचा मेळ घातला, तर पाणी जास्तीत जास्त किती वजनाचा दगड ढकलू शकेल, हे वेगाच्या सहाव्या घातावर ठरते असे निघते. वेग दुप्पट झाला की ६४ पट जड दगड हलतो! अर्थात हा ढोबळ नियम आहे. दगडाचा आकार आणि तळाची अडचण त्यात धरलेली नाही.

आता तुमच्या गावचा पऱ्या मोजून पाहा. सरळ वाहणारा १० मीटरचा टप्पा निवडा आणि सुकी काटकी सोडा. तिला ४० सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.२५ मीटर झाला. तळाशी घर्षणामुळे पाणी मंद असते, म्हणून याला ०.८ ने गुणा. सरासरी वेग ०.२ मीटर येईल. रुंदी ८० सेंटिमीटर आणि सरासरी खोली १० सेंटिमीटर असेल, तर सेकंदाला १६ लिटर पाणी वाहते. दिवसाला १३ लाख ८२ हजार लिटर! माणशी ५० लिटर धरले, तर २७ हजार माणसांची गरज भागेल. एवढे पाणी हिवाळ्याच्या तोंडाशी खाडीत जात असते.

गावकऱ्यांनी यावर जुनेच उपाय योजले आहेत. वरच्या अंगाला प्रवाह अडवून, डोंगराच्या कडेकडेने अगदी कमी उताराचा पाट काढतात. तो पंपाशिवाय बागेपर्यंत पाणी नेतो. पिण्याचे पाणी वर, धुणे त्याखाली आणि गुरे सर्वांत खाली, हा क्रमही विचारपूर्वक ठरलेला आहे.

दुसरा उपाय कच्च्या बंधाऱ्याचा. पावसाळा संपला की दगड-माती किंवा वाळूने भरलेली सिमेंटची रिकामी पोती रचून पाणी अडवतात. मागे शंभर मीटर पाणी तुंबले तर एवढीशी भिंत टिकेल का, अशी शंका येते. पण दाब पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो, मागे किती पाणी आहे यावर नाही. १ मीटर खोल पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे ५०० किलो वजनाएवढा रेटा देते. २ मीटर खोल असेल तर २००० किलोएवढा. म्हणून उंच बंधाऱ्यापेक्षा ठेंगणे तीन-चार बरे, आणि तळ रुंद हवा. अडलेले पाणी काठांत मुरते आणि शेजारच्या विहिरीला ओलावा देते. जूनपूर्वी मात्र हा बंधारा मोकळा करावा लागतो, नाहीतर पहिलाच लोंढा तो फोडून नेतो.

वरील मोजमाप दिवाळीत, नाताळात आणि होळीला एकाच जागी करा. जवळच्या विहिरीतील पाण्याची खोलीही मोठ्या माणसाला बरोबर घेऊन दोरीने मोजा, आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. पावसाळ्यात मात्र पऱ्यात उतरू नका. वेगाने वाहणारे गुडघाभर पाणीही माणसाचे पाय उचलते.