शी-शूची सवय आणि आपली घाई

लेकरू दीड-दोन वर्षांचं झालं की घरात एक प्रश्न फिरायला लागतो, "अजून सांगत नाही का गं?" सासू विचारते, नणंद विचारते, नळावर भेटलेली शेजारीणही विचारते. धारणीत या प्रश्नाला एक मुदतही चिकटलेली आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशात पहिल्यांदा ३३ ठिकाणी सुरू झाली, त्यांत धारणी होतं. तीन वर्षं पुरी झाली की लेकरानं अंगणवाडीत बसायचं, हे या तालुक्याच्या अंगवळणी पडायला पन्नास वर्षं मिळाली. मग आई दिवस मोजते, आणि त्याच्या आत चड्डी कोरडी व्हायलाच पाहिजे म्हणून लेकराला तासातासाला धरून बसवते. घाईची किंमत मोजून झाल्यावर मी हे सांगते आहे. ती घाई वसूल होत नाही. सवय लावायला कधी घ्यायची, हे प्रवेशाच्या तारखेवर सोडू नका. लेकराची तयारी बघून ठरवा.

शी-शू धरून ठेवणं हे वळणाचं काम वाटतं, पण आधी ते अंगाचं काम आहे. तान्ह्या बाळाचं मूत्राशय भरलं की आपोआप रिकामं होतं. ते भरल्याची खबर मेंदूपर्यंत जाणं, लेकराला ती ओळखू येणं आणि जागेवर पोचेपर्यंत स्नायू आवळून धरणं, हे सगळं जुळून यायला बहुतेक लेकरांना दीड ते तीन वर्षं लागतात. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये १,१७० मुलांच्या नोंदी मांडल्या. आईबापांनी जबरदस्ती न करता, मुलाची तयारी बघत सवय लावली तेव्हा दिवसाची सवय सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना पुरी झाली. पुढे २००३ मध्ये ब्लम, टॉबमन आणि नेमेथ यांनी आपल्या मनातला प्रश्न सरळ तपासला. लवकर सुरू केलं तर लवकर संपतं का? लवकर सुरू करणाऱ्यांचा सवय लावण्याचा काळच लांबलेला दिसला. २७ महिन्यांच्या आत दिवसातून अनेकदा बसवून, विचारून, जोर लावून केलेल्या कष्टांनी सवय पुरी होण्याचं वय अलीकडे आलं नाही. ही तिकडची लेकरं, त्यांचं इकडे काय, असं कोणी म्हणेल. महिन्यांचा आकडा मीही जसाच्या तसा उचलणार नाही. डायपरमधलं लेकरू आणि अंगणात उघडं खेळणारं लेकरू यांना ओलेपणा सारखा कळत नाही. आपलं लेकरू काही महिने आधीही तयार होईल. पण अंगाची तयारी व्हायच्या आधी घातलेले कष्ट वाया जातात, ही गोष्ट देश बदलला म्हणून बदलत नाही.

२००३ च्या त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट झाकून ठेवणं बरोबर नाही. नुसतं लवकर सुरू केल्यानं बद्धकोष्ठ वाढलेलं त्यात आढळलं नाही. मला यातून एवढंच कळतं की खरा धोका वयात नाही, घाईबरोबर येणाऱ्या रागात आहे. ओरडा खाल्लेलं, चापट बसलेलं, इतरांसमोर लाजवलेलं लेकरू शी करायचंच थांबवतं. पाय आवळून कोपऱ्यात उभं राहतं, तोंड लाल करतं, आणि आपल्याला वाटतं ते जोर लावतंय. ते रोखून धरत असतं. आत थांबलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं आणि शीचा खडा होतो. खडा बाहेर येताना दुखतो, म्हणून लेकरू पुढच्या वेळी आणखी रोखतं. असं आठवडेच्या आठवडे चाललं की मोठ्या आतड्याचं टोक ताणतं, भरल्याची जाणीव बोथट होते आणि खड्याच्या कडेनं पातळ शी चड्डीत झिरपते. घरातले म्हणतात, जुलाब लागले. नाहीतर म्हणतात, मुद्दाम करतंय. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबत असल्यानं शूसुद्धा पुन्हा चड्डीत व्हायला लागते. इकडे हे दुखणं नुसतं चड्डीपुरतं राहत नाही. मेळघाटात फुगलेल्या पोटावर तापल्या सळईचे चटके देण्याची, म्हणजे डंबा देण्याची, रीत अजून पुरती गेलेली नाही. ओरड्यानं रोखलेली शी, तिच्यानं फुगलेलं पोट आणि त्या पोटावर चटका, इथवर गोष्ट जाऊ शकते. लेकराचं पोट टणक लागलं, शी करताना ते रडलं किंवा शीला रक्त लागलं, तर सवय लावणं त्याच दिवशी बंद करा आणि दवाखाना गाठा. आधी खडा जायला पाहिजे. पाणी, भाजी, फळ, ज्वारीची भाकरी पोटात जाऊ द्या. नुसत्या दुधावर आणि बिस्किटांवर लेकरू ठेवू नका.

आता आजी म्हणेल, "आम्ही तर सहा महिन्यांच्या पोराला पायावर बसवत होतो, कुठं काय बिघडलं?" आजीचं म्हणणं खोटं नाही. पूर्व आफ्रिकेतल्या दिगो समाजातल्या आया पहिल्या काही आठवड्यांपासूनच बाळाला असं बसवतात आणि पाच-सहा महिन्यांत ते बरंचसं कोरडं राहतं, अशी नोंद १९७७ मध्ये झाली आहे. पण त्यात शिकलेली असते ती आई. बाळाचं तोंड, त्याची चुळबुळ, दूध पिऊन झालेली वेळ हे सगळं ती वाचते आणि "शूऽऽ" करत त्याला पायावर धरते. ही आपली चांगली रीत आहे, ती जरूर चालू ठेवा. फक्त तिची मर्यादा ओळखा. दिवसभर बाळाजवळ कोणीतरी मोठं माणूस असेल तरच ती चालते. आई पहाटे निंदणाला गेली आणि लेकरू आठ वर्षांच्या बहिणीजवळ राहिलं की ती मोडते, आणि ती मोडली हा लेकराचा गुन्हा नाही. स्वतःहून सांगणं, चड्डी काढणं आणि बसणं ही वेगळी पायरी आहे. ती सहाव्या महिन्यात येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. थांबायचं म्हणजे घाण वाढू द्यायची का? आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी हातात झाडू घेऊन जे सांगितलं, ते ठाऊक असलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. पण इथे दोन कामं एकात मिसळली जातात. लेकरानं संडासात बसणं हे एक काम, आणि त्याची शी संडासात जाणं हे दुसरं. पहिलं लेकराच्या तयारीवर आहे. दुसरं पहिल्या दिवसापासून मोठ्यांचं आहे. लहान बाळाची शी निर्मळ असते ही समजूत चूक आहे. जुलाबाचे जंतू तिच्यातूनही तितकेच पसरतात, आणि आधीच हलक्या वजनाच्या लेकराला जुलाब फार महागात पडतात. घरी संडास असताना शी उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकली जाते, तिथे दोष सवय उशिरा लावण्याला देता येत नाही. ती संडासात टाका, दुपटं धुतलेलं पाणीही तिथेच ओता, हात साबणानं धुवा.

तयारी ओळखायची कशी? लेकरू दोन तास कोरडं राहतं. शीच्या वेळी पडद्याआड किंवा कोपऱ्यात जातं. ओली चड्डी ओढतं, "शू" म्हणून सांगतं, मग झाल्यावर सांगितलं तरी चालेल. स्वतः उकिडवं बसून उठतं, चड्डी खाली करतं, "चप्पल घे आणि ये" एवढं ऐकतं. यातलं बरंचसं दिसलं की सुरू करा. मोठ्या संडासाच्या भोकाची भीती वाटत असेल तर भांडं ठेवा. जेवणानंतर पाच मिनिटं बसवा, झालं तर शाबासकी द्या, नाही झालं तर उठवा. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, त्यापेक्षा कोरडे दिवस सोयीचे. कामासाठी गाव सोडायच्या तोंडावर, धाकटं जन्मलेल्या महिन्यात किंवा आजारातून उठल्या उठल्या मात्र सुरू करू नका. दोन आठवड्यांत जमलं नाही तर महिना-दोन महिने सोडून द्या. रात्रीचं तर मोजूच नका. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं हा आजार नाही.

अंगणवाडीतल्या ताईंना माझी एक विनंती आहे. तीन वर्षांच्या लेकराची चड्डी ओली झाली म्हणून त्याला घरी पाठवू नका. आईला पिशवीत एक जादा चड्डी द्यायला सांगा आणि लेकराला बसू द्या.