‘प्न्यूमा’ : आत्मा की वारे?

गेल्या वर्षी तत्त्वज्ञानाच्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, बायबलातला आत्मा आणि गीतेतला आत्मा एकच ना?” घंटा होत आली होती. “हो, जवळजवळ एकच,” असे सांगून मी मोकळा झालो. ते उत्तर चुकीचे होते. ते दुरुस्त करावे म्हणून हे लिहीत आहे.

मराठी बायबलाच्या नव्या करारात जेथे ‘आत्मा’ येतो तेथे मूळ ग्रीकमध्ये बहुधा ‘प्न्यूमा’ असतो. हा शब्द नव्या करारात साधारण ३८० वेळा आलेला आहे. ‘वाहणे, फुंकर घालणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो झाला. त्याचा मूळ अर्थ वारा, मग श्वास, मग ज्याच्यामुळे माणूस जिवंत असतो ते, आणि शेवटी देवाकडून येणारी शक्ती. त्यामागे हिब्रू ‘रूआख’ उभा आहे, त्याचाही अर्थविस्तार असाच. माझे बालपण सुरतेत गेले. तेथे मुसलमान शेजाऱ्यांच्या तोंडी जो ‘रूह’ ऐकला तो याच ‘रूआख’चा भाऊबंद, हे पुष्कळ उशिरा कळले.

योहानाच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायात, निकदेम रात्री येशूकडे येतो. येशू त्याला सांगतो की वाऱ्याचा आवाज ऐकू येतो, पण तो कोठून येतो व कोठे जातो हे कळत नाही. आत्म्यापासून जन्मलेल्याचेही तसेच. ग्रीकमध्ये येथे ‘वारा’ आणि ‘आत्मा’ हा एकच शब्द आहे. सगळी गंमत त्या श्लेषात! मराठीत दोन शब्द होतात आणि श्लेष सुटतो. गुजरातीतही तेच. १८१५ च्या सुमारास लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर व विल्यम फायव्ही सुरतेस आले आणि पुढील आठ-दहा वर्षांत गुजराती बायबल तेथेच भाषांतरित होऊन छापले गेले. आजच्या गुजराती बायबलात ‘पवित्र आत्मा’ आहे, मराठीत ‘पवित्र आत्मा’, कन्नडात ‘पवित्रात्म’. सर्वांनी संस्कृतच्या एकाच कोठारातून माल उचलला.

‘आत्मन्’चे नातेही श्वासाशी असावे, जर्मन ‘आटेम’ म्हणजे श्वास, त्याच्याशी तो जोडला जातो. पण आपल्या दर्शनांनी त्याला अजन्मा, अविकारी केले. तो कोठून येत नाही, कोणी देत नाही. प्न्यूमा मात्र येतो, उतरतो, दिला जातो. योहानाच्या विसाव्या अध्यायात येशू शिष्यांवर श्वास फुंकतो आणि तो घ्यावयास सांगतो. मरणाच्या वेळी माणूस प्न्यूमा सोडतो, तेथे मराठी ‘प्राण’ म्हणते. लूकच्या शेवटच्या अध्यायात घाबरलेल्या शिष्यांना आपल्याला प्न्यूमा दिसतो आहे असे वाटते, तेथे मराठीत ‘भूत’!

माझी आजी खानदेशातून सुरतेला लिंबायतमध्ये राहावयास आलेली. कानबाईच्या दिवसांत शेजारची एक बाई घुमू लागली, तेव्हा आजी म्हणाली, “वारं आलं तिच्या अंगात.” मी खिडकीकडे पाहिले. पडदा हलत नव्हता. मग म्हाताऱ्या बायका तिला विचारू लागल्या, “तू कोण? कुठून आलास?” बाहेरून येणारे, माणसाच्या तोंडून बोलणारे, आणि कोणते ते पारखून घ्यावे लागणारे हे वारे! योहानाच्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायाच्या आरंभी, प्रत्येक प्न्यूमावर विश्वास ठेवू नका, पारख करा, असेच बजावले आहे. ग्रीक न शिकलेल्या आजीजवळ हा शब्द होता.

मग भाषांतरकारांनी ‘वारे’ घ्यावयास हवे होते काय? मला तसे वाटत नाही. ‘पवित्र वारे’ वाचून लोक हसले असते. शिवाय अंगातले वारे घटकाभराने ओसरते. नव्या करारातला प्न्यूमा वस्तीला येतो, शिकवतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात त्याचे फळ म्हणून प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता ही नावे येतात. घुमणाऱ्या बाईच्या वाऱ्याकडून एवढी अपेक्षा कोणी करीत नाही. ‘आत्मा’ हा शब्द त्यांनी घेतला तो नाइलाजाने असो की जाणून, त्याहून बरा मलाही सुचत नाही.

या वर्षी त्या विद्यार्थिनीला गाठून हे सर्व सांगितले. “मग वाचताना काय समजायचे?” तिने विचारले. “आधी वारा, मग श्वास लावून पाहा. दोन्ही बसले नाहीत तर आत्म्याकडे जा,” मी म्हणालो. तिची मातृभाषा कन्नड. थोडे थांबून ती म्हणाली, “सर, मी ‘उसिरु’ लावून पाहते.”