बालवाङ्मय : आरसा आणि खिडकी

मूल पुस्तक उघडते तेव्हा नकळत त्यात स्वतःला शोधत असते. पुस्तकातील आई आपल्या आईसारखी बोलते का, तेथील घर आपल्यासारखे आहे का, हे ते कोणाला न विचारता पाहते. अमेरिकेतील अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली पुस्तकाला आरसा व खिडकी अशा उपमा दिल्या. आरशात मूल स्वतःला पाहते, खिडकीतून दुसऱ्याचे जग पाहते. प्रत्येक मुलाला दोन्ही हवीत.

मराठी बालवाङ्मयाला ही कसोटी लावून पाहू. साने गुरुजींचे 'श्यामची आई' (१९३५) हे कोकणातील एका ब्राह्मण घराचे चित्र आहे. त्यातील आई अस्पृश्य मानल्या गेलेल्या म्हातारीची मोळी उचलून देण्यास श्यामला सांगते. श्यामसारख्या मुलांसाठी ही खिडकी मोलाची होती. पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी १९४७ साली उपोषण करणाऱ्या गुरुजींचा हेतूही निर्मळच होता. परंतु त्या म्हातारीच्या नातवाने हेच पुस्तक वाचले, तर त्याला काय दिसेल? त्याची आजी दयेचा विषय म्हणून दिसेल. तिचे घर, तिच्या गोष्टी दिसणार नाहीत.

हा प्रश्न आपल्या दाराशीही आहे. आपले राजूर वणी तालुक्यातील कोळसाखाणीचे गाव. आपल्या जिल्ह्यातील कोलाम पोडांवर कोलामी बोलली जाते. ती मराठीची बोली नव्हे. तेलुगू व गोंडीप्रमाणे द्राविड कुळातील स्वतंत्र भाषा आहे. पोडावरचे मूल शाळेत येते तेव्हा पुस्तकाची भाषा वेगळी, घराची वेगळी. आपली भाषा पुस्तकात शोभत नाही, असा समज एकदा झाला की तो पुसणे कठीण. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०क (१९५६) सांगतो. पण वाचायला पुस्तकच नसेल तर सोय कशाची?

कोलाम मूल पुस्तकात केवळ नाचाच्या चित्रापुरते येऊ नये. ते भांडावे, हसावे, चुकावे. गोष्टीचा नायक व्हावे. यासाठी आपणा विद्यार्थ्यांनाही एक काम करता येईल. पोडावर जावे, आजीबाईंकडून गोष्टी ऐकाव्यात, त्यांच्या संमतीने त्या कोलामीतच देवनागरीत उतरवाव्यात, शेजारी मराठी अर्थ द्यावा आणि सांगणारीचे नाव वर लिहावे. ते लिखाण प्रथम त्याच पोडावरच्या मुलांना वाचून दाखवावे. त्यांना आरसा मिळेल, आणि आपल्याला खिडकी.