भाड्याच्या खोल्या व डागडुजीची बेगमी

वडखळ येथें मुंबई-गोवा महामार्गापासून अलिबागचा रस्ता फुटतो आणि डोलवीचा पोलाद कारखानाहि जवळच आहे. त्यामुळें येथील खातेदारास खोल्या बांधून भाड्यानें देणें हें उत्पन्नाचें एक साधन झालें आहे. परंतु शेताचा जमाखर्च दक्षतेनें ठेवणारे गृहस्थहि खोल्यांचें भाडें सर्वच्या सर्व नफा समजतात. आणि ऐन आषाढांत पंप जळाला कीं कर्ज काढूं लागतात.

आपल्या खारपट्टींत वास्तविक ही अडचण पूर्वींच ओळखलेली होती. खारजमिनीवर सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यास एक मण भात ‘शिलोत्री मण’ म्हणून घेत व तें बाहेरील बांधाच्या दुरुस्तीसाठीं राखीत. बांधास खांड पडल्यावर वर्गणी गोळा करूं गेल्यास भरती थांबत नाहीं. खोल्यांसहि हाच न्याय लागू आहे.

रीत अशी: प्रत्येक वस्तूची आजची किंमत घ्यावी व ती जितकीं वर्षें टिकेल तितक्यांनीं भागावी. समजा, चार खोल्यांची चाळ असून दर खोलीस दरमहा ३,००० रुपये भाडें आहे. वर्षाचें भाडें १,४४,००० रुपये झालें. पुढील आंकडे केवळ हिशोब समजण्यापुरते आहेत.

पाण्याचा पंप: १२,००० रु., ६ वर्षें. वर्षास २,००० रु.
चार पंखे: ८,००० रु., ८ वर्षें. वर्षास १,००० रु.
छपराचे पत्रे: ९०,००० रु., १५ वर्षें. वर्षास ६,००० रु.
रंगकाम: २४,००० रु., ३ वर्षें. वर्षास ८,००० रु.
नळ, दिवे वगैरे किरकोळ: वर्षास ७,००० रु.

एकूण २४,००० रुपये, म्हणजे दरमहा २,०००. भाड्याचा सहावा हिस्सा आपला नव्हे, तो चाळीचा आहे.

येथें चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, वस्तु जुनी असल्यास तिच्या उरलेल्या आयुष्यानें भागावें. वरील पंप दोनच वर्षें चालण्याजोगा असेल व पूर्वींची शिल्लक नसेल, तर वर्षास २,००० नव्हे, ६,००० रुपये काढले पाहिजेत. दुसरी, खाडीच्या खाऱ्या हवेनें लोखंड लवकर गंजतें. यास्तव पत्रे व पंप यांचें आयुष्य कमीच धरावें, आणि दर वैशाखांत पाहणी करून किंमती नव्यानें मांडाव्या. तिसरी, खोली रिकामी राहिली तरी छपरावर पाऊस पडतोच. म्हणून भाडें कमी आलें तरी हा भरणा कमी करूं नये. चौथी, भाडेकरूची अनामत ही परत करावयाची रक्कम आहे. तिला दुरुस्तीसाठीं हात लावूं नये.

आयकराच्या कायद्यांतहि घरभाड्यांतून स्थानिक कर वजा जातां उरलेल्या रकमेवर ३० टक्के वजावट मिळते. ती प्रत्यक्ष खर्चावर अवलंबून नाहीं. परंतु वजावट मिळाली म्हणून पैसा सांठत नाहीं. तो दरमहा भाडें हातीं येतांच निराळ्या खात्यांत भरला, तरच पावसाळ्यांत कामास येतो.