पैशाला दोन सह्या, मुलांना का नाहीत?

सातारा

प्रिय राजा,

 तुझ्या क्रीडा मंडळाच्या घटनेचा मसुदा मिळाला, नीट वाचला. वर्गणी, पदाधिकाऱ्यांची निवडणूक, सभेची गणसंख्या, लेखापरीक्षण, सगळं जागच्या जागी आहे. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कुणी बोट ठेवणार नाही. बँकेतून पाचशे रुपये काढायचे तरी दोन सह्या लागतील, अशी तजवीज तू केलीस. मुलांबद्दल मात्र अख्ख्या घटनेत एकच ओळ आहे : ‘सरावाबाबत प्रशिक्षकांचा निर्णय अंतिम राहील.’ म्हणजे पैशाला दोन सह्या आणि पोरं एकट्याच्या हवाली. या एका ओळीपायी पत्र लांबणार आहे, कंटाळू नकोस.

‘सर फार चांगले आहेत, घरातलेच आहेत,’ असं तू फोनवर म्हणालास. असतीलही. मी त्यांना ओळखत नाही आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण नोकरीचा सारा काळ मैदानावर काढूनही माणूस चांगला की वाईट हे मला तोंडावरून कळत नाही. ज्याच्या मनात खोट असते तो पहिल्याच दिवशी काही करत नाही. तो आधी आईबापांचा विश्वास कमावतो. पोराला घरी सोडतो, फी माफ करतो, आजारपणात डबा पोचवतो. चांगला प्रशिक्षकही हेच करतो, अडचण तिथेच आहे. तेव्हा माणूस पारखत बसू नकोस. सर कुणीही असोत, मूल त्यांच्या हाती एकटं सापडणार नाही अशी मंडळाची रीतच घाल. चांगल्या माणसाचंही त्यात रक्षण आहे. उद्या कुणी खोटा आळ घेतला तर ‘दार उघडं होतं, दुसरं माणूस हजर होतं,’ एवढं तरी त्याला सांगता येईल.

आपल्या महाबळेश्वरात तर हे जास्तच लागू आहे. तुझ्याकडे येणारी पोरं कुणाची? घोडेवाल्यांची, टॅक्सीवाल्यांची, हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बायकांची, भिलार-गुरेघरकडे स्ट्रॉबेरीच्या रानात मजुरीला जाणाऱ्यांची. उन्हाळ्याच्या आणि दिवाळी-नाताळच्या सीझनला या आईबापांना घरी यायला रात्र होते. शाळेला सुट्टी, घराला कुलूप आणि पोर मैदानावर. अशा वेळी ‘जेवलास का रे?’ विचारणारा माणूस पोराला देवासारखा वाटतो. एका मैदानावरची गोष्ट सांगते, गाव कशाला सांगू. सातवीतल्या एका मुलीच्या पायात नवे स्पाइक्स दिसले. बाप रोजंदारीवर, मग हे आले कुठून? विचारलं तर खाली बघत म्हणाली, ‘सरांनी दिले, पण कुणाला सांगू नको म्हणालेत.’ बूट देण्यात काही गैर नाही. ‘कुणाला सांगू नको’ म्हणण्यात आहे. मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं. त्यांनी सरांना ‘उद्यापासून येऊ नका’ सांगितलं आणि विषय मिटवला. पुढच्या वर्षी तेच सर शेजारच्या तालुक्यात शिट्टी वाजवत होते.

यातून दोन नियम कर. बूट, किट, प्रवासखर्च, जे द्यायचं ते मंडळाच्या नावाने, वहीत नोंद करून, पालकांच्या देखत. आणि प्रशिक्षक नेमताना पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला तर घेच, पण त्यावर निर्धास्त राहू नकोस. गुन्हा नोंदला गेला असेल तरच दाखल्यात दिसतो, आणि आपल्याकडे बहुतेक गोष्टी नोंदल्याच जात नाहीत. आधीच्या मंडळाला, शाळेला स्वतः फोन कर आणि आडपडदा न ठेवता विचार : यांच्या हाती पुन्हा मुलं द्याल का? समोरचा क्षणभर जरी अडखळला तरी पुढे चौकशी कर. उद्या तुला कुणी असाच फोन केला, तर तूही खरं सांग.

आता पावसाळ्याचं. जून ते सप्टेंबर तुमच्याकडे मैदान नावाची चीजच राहत नाही. सराव हॉलमध्ये जातो, धुकं आत येतं म्हणून दारं लावली जातात, वीज जाते. तेव्हा हॉलमध्ये दोन मोठी माणसं असल्याशिवाय सराव सुरू करायचा नाही. दुसरं कुणी आलं नाही तर त्या दिवशी सुट्टी. मालिश, स्ट्रेचिंग, लचकलेल्या पायाला पट्टी बांधणं, सगळं हॉलमध्ये चारचौघांत. आडोशाच्या खोलीत काहीच नाही. तापोळ्याकडची पोरं शेवटच्या एसटीच्या हिशेबाने सोड. गाडी चुकलीच तर सरांच्या मोटरसायकलवर एकटं पोर बसवायचं नाही. घरी फोन लावायचा आणि दोघांनी मिळून सोडायला जायचं.

वजनाबद्दल मुद्दाम लिहिते, कारण तुझा खेळ कबड्डी. वयोगटाच्या स्पर्धांत वजनाची मर्यादा असते आणि अर्धा किलो जास्त भरलं की पोरांना कपडे उतरवून काट्यावर उभं करतात. मी पाहिलं आहे : थंडीत कुडकुडणारी पोरं अंगाची घडी घालून रांगेत उभी, बाजूला कुणीतरी मोबाइल धरलेला आणि वर थट्टा. वजन हाफ पँट-बनियनवरच करायचं. मुलींचं वजन बाईमाणसानेच, वेगळ्या जागी. त्या ठिकाणी मोबाइल बंद. आणि वजन उतरवायला आदल्या दिवशी पोरांना उपाशी ठेवायचं, पाणी द्यायचं नाही, हा अघोरीपणा मंडळात चालणार नाही असं घटनेतच लिही.

बाहेरगावच्या सामन्यांना मेढ्यावरून साताऱ्याला यायचं असो की मुक्कामी पुण्याला जायचं असो, मुली असतील तर संघाबरोबर बाई हवीच. २०२२च्या जून महिन्यात एका महिला सायकलपटूने परदेशातल्या शिबिरातून प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली. खोली एकत्र दिल्यावरूनच ते प्रकरण सुरू झालं होतं. त्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने महिला खेळाडूंच्या पथकाबरोबर महिला प्रशिक्षक सक्तीची केली. देशाच्या संघाला हे तेव्हा सुचावं, यावर मी काय बोलू? तू पहिल्याच दौऱ्यापासून पाळ. मोठ्यांनी पोरांच्या खोलीत झोपायचं नाही. रात्रीचे खासगी मेसेज नाहीत, जे काय ते पालक असलेल्या ग्रुपवर.

आता वस्तादांचा विषय. हा गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचा जिल्हा. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत ब्राँझ आणलं, आणि आपल्याकडे तालमीचा आणि वस्तादाच्या शब्दाचा धाक मुरलेला आहे. त्या धाकाने पोरं घडली, हे मी नाकारत नाही. पण ज्याला कुणी काही विचारूच शकत नाही त्याच्या हाताखालचं पोर तोंड उघडत नाही. २०२३च्या जानेवारीत विनेश फोगट, साक्षी मलिकसारख्या ऑलिंपिक खेळलेल्या कुस्तीगीर मुलींना लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी जंतरमंतरवर बसावं लागलं. त्याच वर्षी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने डझनाहून अधिक क्रीडा महासंघांना नोटिसा काढल्या, कारण कायद्याने हवी तशी अंतर्गत तक्रार समितीच तिथे नव्हती. पदकं मिळवलेल्या बायकांची ही गत, तर तुझ्या मंडळातल्या आठवीच्या पोरीने कुणाकडे जायचं? २०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा केला, त्यात सुरक्षित खेळाच्या धोरणाची तरतूद आहे. ते धोरण वरून झिरपत महाबळेश्वरच्या मैदानावर येईपर्यंत थांबू नकोस. आणि मारहाण? छडी, कान पिळणं, उन्हात ओणवं उभं करणं, दुखावलेल्या गुडघ्यावर खेळवणं, सगळं बंद. मारल्याशिवाय खेळाडू घडत नाही, असं म्हणणाऱ्याला शिकवता येत नाही एवढाच त्याचा अर्थ.

कायद्यातलं मोजकंच सांगते, पण पाठ कर. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा २०१२चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो, मुलगा असो की मुलगी. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली तेव्हा सतरा वर्षांची होती, म्हणजे कायद्याच्या लेखी बालकच. तेव्हा ‘आता मोठी झाली, समजतं तिला’ हे बोलायचं नाही. मुलग्यांचं तर कुणी विचारतच नाही. मुलग्याला काय होतंय, असं आपण धरून चालतो. मुलगे कमी सांगतात, कारण सांगितलं तर चिडवतील ही भीती असते.

एखाद्या पोराने काही सांगितलं तर खाली बस आणि ऐक. ‘आधी का नाही बोललीस?’ विचारू नकोस. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नकोस, ते पाळता येणार नाही. पोराने जे शब्द वापरले तेच, तारीख-वेळ घालून, लिहून ठेव. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नकोस. ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलावून जाब विचारायचा नाही, गावची बैठक तर मुळीच नाही. ‘पोरीच्या लग्नाचं बघा, मिटवून टाका,’ म्हणणारे चार जण त्याच संध्याकाळी येतील, त्यांना चहा दे आणि वाटेला लाव. पोलीस ठाण्यात जाऊन कळवायचं. वाट दिसत नसेल तर १०९८ ला फोन. शंका असली तरी कळवायचं असंच कायदा सांगतो, पुरावे गोळा करणं तुझं काम नाही. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. पण मंडळाचा प्रमुख या नात्याने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवलास, तर तुलाच एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. आईबाप ठाण्याला घाबरतील. त्यांना सांग की पोराचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेतात, त्याही गणवेशात नसतात. पोराचं नाव मात्र कुठेच फुटू देऊ नकोस, मंडळाच्या सभेतसुद्धा नाही.

२०२४च्या ऑगस्टमधलं बदलापूर तुला आठवत असेल. शाळेतल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला, तक्रार नोंदवायला आईबापांना तासन्‌तास ताटकळावं लागलं आणि २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. वेळेत न कळवल्याबद्दल शाळा चालवणाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. संस्थेचं नाव जपायला गप्प बसलं की शेवटी नावही जातं, हे तिथे सगळ्यांनी पाहिलं.

एका माणसाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, आणि तो तुझ्या मैदानावर आहे हे मला गेल्या खेपेला दिसलं. पाणी आणणारा, जाळी बांधणारा, वयाने तिशीचा आणि समजुतीने लहान पोरासारखा तो दादा. पोरं त्याला नाचायला लावतात, मोबाइलवर घेतात, सामना जिंकला की दारू पाजतात. तो हसतो, म्हणून सगळ्यांना वाटतं त्याला मजा येते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दिव्यांग माणसाचा लोकांसमोर मुद्दाम अपमान करणाऱ्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याला कुणी छळत असेल, राबवून घेऊन पैसे देत नसेल, तर कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तहसीलदारांकडे कुणीही कळवू शकतं. पण कायद्याआधी तू त्याच्या आईला भेट. कामाचे पैसे तिच्या देखत दे, मंडळाचं टी-शर्ट दे, आणि त्याचे नाचतानाचे व्हिडिओ पोरांच्या मोबाइलमधून काढून टाकायला लाव. सज्ञानांबद्दल आणखी एक : मंडळात सज्ञान मुली खेळतील, एखादी बाई शिकवायलाही येईल. २०१३चा लैंगिक छळविरोधी कायदा क्रीडासंस्था आणि मैदानांनाही लागू आहे. मंडळात दहा कर्मचारीही नसतील, तेव्हा तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तो पत्ता हॉलच्या दारावर लाव.

आता घटनेत ‘अंतिम निर्णय’वाली ओळ खोड. तिच्या जागी तिघांची मुलांची समिती घाल, त्यात दोन बायका, आणि त्यांतली एक तरी मंडळाच्या कुठल्याही पदाधिकाऱ्याच्या नात्यातली नको. शाळेतल्या बाई मिळतील, पण मला त्यात घोडेवाल्यांच्या किंवा हॉटेलात काम करणाऱ्यांच्या घरची एक आई हवी आहे. ती कमी बोलेल, पण पोरं तिच्याशीच बोलतील. सीझनला तिला सवड नसते, म्हणून बैठक तिला जमेल त्या दिवशी ठेव, अध्यक्षांच्या सोयीने नको. सुधारलेला मसुदा या तिघांच्या नावांसह पाठव, मग उद्घाटनाच्या पत्रिकेवर माझं नाव छाप.

तुझी
आत्या