कोंडलेला राग

माझे वडील रागावले की भांडी आदळत आणि पाच मिनिटांत चहा मागत. आई मात्र चार-चार दिवस बोलत नसे. तरी घरातले शांत माणूस कोण, असे विचारले तर आम्ही बेधडक आईचेच नाव सांगत असू! पुढे चार्ल्स स्पीलबर्गर यांची १९८८ ची प्रश्नावली वाचली आणि चमकलो. राग बाहेर काढणे, आत कोंडणे आणि आवरणे या तिथे तीन निराळ्या गोष्टी आहेत. कोंडलेला राग धुमसत राहतो. आवरणारा आधी स्वतःला निववतो, मग बोलतो. फ्रीडमन व रोझेनमन यांनी १९५९ साली उतावळ्या, चढाओढीच्या स्वभावाचा हृदयविकाराशी संबंध जोडला. नंतरच्या संशोधनात घाईपेक्षा वैरभाव अधिक घातक दिसला. वडील घाईचे खरे, पण वैर धरणारे नव्हते. मी आईच्या वळणावर गेलो आहे. धाकट्या भावाशी महिन्यापूर्वी धरलेला अबोला अजून सुटलेला नाही.