कमी तापमानात तयार होणारे लोह नायट्राइडचे चुंबकीय नॅनोकण



सहावीच्या वर्गात चुंबकाचा पाठ चालू होता. मुलांनी मैदानातल्या वाळूत चुंबक फिरवून काळे कण गोळा केले. मी सहज सांगितलं की लोखंडात थोडा नायट्रोजन घातला तर त्याचं चांगलं चुंबक बनू शकतं, पण ते फार हळू आणि कमी उष्णतेवर करावं लागतं. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मग जास्त तापवायचं ना! लवकर होईल." तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचलं, ते तुमच्यासमोर मांडते.

या पदार्थात लोहाच्या दर 8 अणूंमागे नायट्रोजनचा 1 अणू असतो. वजनाने बघाल तर नायट्रोजन जेमतेम 3 टक्के! याची रचना के. एच. जॅक यांनी 1951 मध्ये उलगडली. लोहाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध असे बसलेले असतात. नायट्रोजनचा छोटा अणू त्यांच्यामधल्या फटीत शिरतो आणि जाळी एका दिशेने सुमारे 10 टक्के ताणली जाते. ताणलेल्या दिशेने चुंबकत्व जास्त घट्ट धरून राहतं. साध्या लोखंडाचं चुंबकत्व चटकन निघून जातं, इथे तसं होत नाही.

आता हा नायट्रोजन आणायचा कुठून? हवेत भरपूर आहे, पण तिथे त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की सहज सुटत नाहीत. म्हणून अमोनिया वापरतात. अमोनियाचा रेणू लोखंडाच्या पृष्ठभागावर तुटतो, नायट्रोजनचा अणू आत झिरपतो आणि हायड्रोजन वायू होऊन निघून जातो. यालाच नायट्रायडिंग म्हणतात. कारखान्यात गिअर कठीण करण्यासाठी हे काम 500 अंश सेल्सिअसच्या आसपास करतात.

पण आपला पदार्थ तेवढी उष्णता सोसत नाही. साधारण 200 अंशांच्या वर तो टिकेनासा होतो. त्याचं साधं लोह आणि दुसरं एक नायट्राइड (4 लोह, 1 नायट्रोजन) असं विघटन होतं. विरजण लावताना दूध फार गरम असेल तर दही लागत नाही, तसंच काहीसं समजा. म्हणजे मागच्या बाकावरचा उपाय इथे चालणार नाही. बरं, तापमान उतरवून 150 अंशांच्या आसपास ठेवलं तर नायट्रोजन आत सरकतो, पण गोगलगायीच्या चालीने.

मग यावर तोड काय? वाटच छोटी करायची! रवा दहा मिनिटांत भिजतो, अख्खे हरभरे रात्रभर लागतात. कणाची जाडी निम्मी केली की आत झिरपायचा वेळ साधारण चौथा हिस्सा होतो. जाडी हजारपट कमी केली तर वेळ दहा लाखपट कमी! म्हणूनच इथे नॅनोकण लागतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

प्रत्यक्षात सुरुवात लोहाच्या ऑक्साइडच्या बारीक पुडीने होते (गंज त्याचाच भाऊबंद). ती 300 ते 400 अंशांना हायड्रोजनमध्ये ठेवतात. ऑक्सिजन पाण्याची वाफ होऊन जातो, उरतं शुद्ध लोह. या टप्प्यावर कण एकमेकांना चिकटून मोठे होण्याची भीती असते, म्हणून काही वेळा आधीच त्यांच्यावर सिलिकाचा पातळ थर देतात. मग हवा न लागू देता थंड करून अमोनियात कित्येक तास ठेवायचं. हवा लागली तर ही बारीक लोहपूड आपोआप पेट घेते! तेव्हा शिक्षक मित्रांनो, हा प्रयोग शाळेत मुळीच नको. आपलं वाळूतलं चुंबकच बरं.

एवढी खटपट कशासाठी? आजची सर्वांत ताकदवान चुंबकं निओडिमियमची असतात. तो धातू खनिजातून वेगळा काढणं किचकट आणि खर्चाचं आहे. लोखंड आणि नायट्रोजन मात्र मुबलक. पण अजून एक अडचण आहे. निओडिमियमच्या चुंबकाची पूड दाबून 1000 अंशांच्या आसपास भाजतात, तेव्हा घट्ट तुकडा तयार होतो. आपली पूड तर 200 च्या पुढे न्यायची नाही. मग तिचा तुकडा बांधायचा कसा? हा प्रश्न मी सोमवारी मागच्या बाकावर देणार आहे.